एक्स्चेंजच्या काकू

"थांबा, जोडून देते," असं म्हणायच्या आणि समोरच्याचं मनगट धरायच्या. मग हो-नाही म्हणायला वाव नसायचा. तुम्हाला गादी पिंजून हवी असो की चष्म्याची काडी बसवून हवी असो, काकू तुम्हाला त्या दुकानापर्यंत घेऊन जाणार, दुकानदाराला तुमचं नाव सांगणार, तुम्हाला दुकानदाराचं सांगणार आणि दोघांना समोरासमोर उभं करून स्वतः बाजूला होणार. एखादं स्थळ दाखवायला आणल्यासारखं.

ही सवय नोकरीतली. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं. ट्रंक कॉलच्या काळात त्या ऑपरेटर होत्या. सटाण्याचा कांद्याचा व्यापारी आणि मुंबईचा दलाल, दिंडोरीची लेक आणि नाशिकची आई, अशी माणसं दिवसभर एकमेकांना जोडून द्यायची, हेच काम. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, तरी हात काही थांबेनात. आमच्या गल्लीत सगळे त्यांना एक्स्चेंजच्या काकू म्हणत. त्यांचं खरं नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या डब्यावर घालायचं होतं म्हणून.

माझं भांड्यांचं दुकान. नाशिकला रविवार कारंज्यावरून आत वळलं की एकमेकांना खेटून जुनी दुकानं लागतात, त्यातलंच एक. वडिलांनी सुरू केलेलं. स्टील, तांबं, पितळ, कुकरचे सुटे भाग, आणि भांड्यावर नाव घालायचं एक मशीन. काकू वरच्या बाजूला, गल्लीच्या टोकाच्या इमारतीत राहायच्या. रोज सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, एक चक्कर मारून परत येताना माझ्या दुकानातल्या स्टुलावर टेकायच्या.

पहिल्यांदा टेकल्या तेव्हा पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या दुकानात अंधार का असतो?"

मी म्हटलं, "तसं काही नाही काकू. वडिलांपासून असंच आहे."

"बाहेरून वाटतं, आत कोणी गेलंय."

दुसऱ्या दिवशी मी दोन नव्या ट्यूबलाइट लावल्या. काकू आल्या, चौफेर पाहिलं आणि म्हणाल्या, "आता धूळ दिसायला लागली."

असं त्यांचं होतं. गल्लीतल्या दुकानातूनच वस्तू घ्यावी याबद्दल त्यांचा हट्ट असायचा, पण म्हणून दुकानदाराचे लाड नसायचे. माझ्या समोर साड्यांचे शेठ बसतात. माणूस मनाचा मऊ, पण तोंडाने असा की गिऱ्हाईक पायरी चढण्याआधीच विचारायचा, "घ्यायचंय की नुसतं बघायचंय?" एकदा काकूंनी स्वतः धरून आणलेली एक बाई हे ऐकून तशीच माघारी गेली. काकू तिच्या मागे गेल्या नाहीत. शांतपणे गादीवर बसल्या.

"शेठ, तुम्ही माणूस चांगले आहात हे कळायला मला दहा वर्षं लागली. त्या बाईला दारातून कसं कळावं?"

शेठनी नवीन वाक्य पाठ केलं. "या, बसा, पाणी घ्या." पण ते इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, की बायकांना वाटायचं घरी काही वाईट घडलंय आणि आता सांगणार आहेत. काकूंनी त्यांना माझ्या दुकानातल्या आरशासमोर उभं करून सराव करून घेतला. मी पाहिलंय, म्हणून सांगतोय.

मोबाइलवरून वस्तू मागवण्यावर त्यांचा राग होता असं कोणी समजू नये. पार्सल आणणारी माणसं पत्ता विचारायला त्यांच्याकडेच येत, त्या त्यांना सावलीत बसवून चहा पाजत. म्हणायच्या, "इथे मिळत नाही ते मागवावं माणसानं. पण कढई? कढई हातात धरून बघावी लागते. नवरा न बघता केला तेवढं पुरे."

मग रस्ता खोदला गेला.

तुमच्या गावातही कधी ना कधी खोदला असेल, त्यामुळे फार सांगत नाही. आधी गटाराचे पाइप, मग पाण्याचे, मग त्यावर काँक्रीट होणार होतं. आमच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर खंदक आणि त्यावर प्रत्येक दुकानासमोर एक फळी. पावसाळा त्यात गेला, दिवाळीही गेली. गंगापूर रोड, इंदिरानगरकडची गिऱ्हाइकं आधी गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुरायची, आता ती यायचीच बंद झाली. शेजारचा टोप्या-स्वेटरवाला दुकान बंद करून पाथर्डी फाट्याला गेला.

आम्ही व्यापाऱ्यांनी शेठच्या दुकानात बैठक घेतली. कोणी म्हणालं निवेदन देऊ, कोणी म्हणालं एक दिवस बंद पाळू. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "बंद कसला पाळता? उघडं असताना तरी कोणाला कळतंय? तुम्ही सगळे एकमेकांशीच बोलताय. गिऱ्हाइकाशी कोण बोलणार?"

बैठक चहावर संपली.

त्या दिवसांत मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एक मोबाइल कव्हर विकणारा दुकान भाड्याने मागत होता. माझी बायको शैला एवढंच म्हणाली होती, "तुम्हाला झोप लागणार असेल तर द्या." मी नवीन माल भरायचा थांबवला. दुकानातल्या फळ्या रिकाम्या होत गेल्या. बाहेर कोणाला बोललो नव्हतो.

डिसेंबर सरता सरता एका सकाळी काकू आल्या. स्टुलावर बसल्या नाहीत. "संक्रांतीला वाणाच्या वाट्या लागतील. भरपूर लागतील. हळदीकुंकू करतेय."

"घरी?"

"गल्लीत. सगळ्या दुकानांत मिळून."

त्यांनी बेत सांगितला. हळदीकुंकू एका ठिकाणी होणार नाही. अत्तर एका दुकानात, तिळगूळ शेठकडे, बांगड्या बांगडीवाल्या आपांकडे, हळदीकुंकू आणि वाण माझ्याकडे. ज्या बाईला सगळं हवं तिने सगळी गल्ली चालायची. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

मी म्हटलं, "काकू, मी माल आणणार नाही. दुकान बंद करतोय."

त्या रिकाम्या फळ्यांकडे पाहत होत्या. मला वाटलं आता समजूत घालतील, वडिलांची आठवण काढतील. त्यातलं काही नाही.

"करा बंद," त्या म्हणाल्या. "पण संक्रांत झाल्यावर. रिकाम्या दुकानातून निरोप घेऊ नये. लोकांना वाटतं, माणूस हरला."

एवढं बोलून खंदकावरच्या फळीवरून तोल सांभाळत निघून गेल्या. मी संध्याकाळी वाट्यांची ऑर्डर दिली. का दिली ते मलाही सांगता येणार नाही.

पुढचे दिवस काकू फोनवर. मेसेज पाठवणं त्यांना मान्य नव्हतं. "मेसेज बघून माणूस अंगठा दाखवतो. बोललं की यावं लागतं." खात्यातल्या जुन्या मैत्रिणी, त्यांच्या सुना, भजनी मंडळं, सोसायट्यांमधल्या भिश्या, सगळीकडे तो स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं काढणारा आवाज पोचला. प्रत्येकीला एक गोष्ट आवर्जून सांगायच्या, "आणि हे बघा, सगळ्या बायकांनी यायचं. नवरा आहे की नाही हे कोणी विचारणार नाही."

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी खंदकाच्या कडेला जेसीबी उभा. मुकादम बागलाणकडचा होता. "माय, आज पाइप टाकना शे," तो काकूंना म्हणाला.

"टाका की. पण बायका येणार आहेत. पडली एखादी, तर ती तुमच्या पाइपातूनच बाहेर काढावी लागेल."

मुकादमाने डोकं खाजवलं. मग त्याच्या माणसांनी खंदकावर रुंद फळ्या टाकल्या, बाजूने बांबू बांधले, वर दोर ओढले. काकूंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. काम उद्यावर गेलं.

आणि बायका आल्या. आधी दोघी-चौघी, मग रिक्षा भरभरून. काळ्या साड्यांची रांग कारंज्यापर्यंत. जरीच्या साडीतल्या बायका बांबू धरून खंदक ओलांडत होत्या, पलीकडे पोचल्यावर हसत होत्या, आणि मागची ओलांडेपर्यंत थांबून तिच्यावरही हसत होत्या. कोणी जेसीबीपुढे फोटो काढला, मग सगळ्यांनाच तसा हवा झाला. ड्रायव्हर लाजून खाली उतरला. शेठ दारात उभे राहून "या, बसा, पाणी घ्या" म्हणत होते, आणि त्या दिवशी ते खरोखर हसत होते, कारण गर्दीत चेहरा गंभीर ठेवायला वेळच नव्हता. दिंडोरीहून आलेली एक बाई मला म्हणाली, "लय वर्सांनी आले बघा या गल्लीत. माझ्या लग्नाची भांडी हितलीच. पातेल्यावर नाव हाय अजून." माझ्याच वडिलांनी घातलं असणार.

शैला हळदीकुंकू लावत होती, मी वाट्या देत होतो. मशीनवर नाव घालून मागणाऱ्या इतक्या झाल्या की शेवटी मशीनच तापलं.

काकू मात्र कुठल्याच दुकानात शिरल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या, आलेल्या बाईला कुठून कसं जायचं ते सांगत. इतरांना आग्रहाने बोलावलं होतं त्यांनी, विधवा मैत्रिणींना तर हाताला धरून आत पाठवलं. स्वतः कडेलाच.

हे आपांच्या लक्षात आलं. आपांचं बांगड्यांचं छोटंसं दुकान माझ्याच ओळीत, भद्रकालीच्या बाजूला. सासूपासून चालत आलेला धंदा. गर्दी जरा ओसरली तशी त्या बाहेर आल्या, काकूंना म्हणाल्या, "काकी, हात द्या."

"मला काय करायच्यात गं?"

"मी तर सगळ्यांना भरते. तुम्हीच फोनवर सांगितलं ना, कोणी विचारणार नाही म्हणून. मग मी पण नाही विचारत."

काकू हसल्या. मग हसू गेलं. यजमान गेल्यापासून त्यांच्या हातात घड्याळाशिवाय काही नसायचं. त्या आपांच्या दुकानात बसल्या, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. आपांनी हिरवा डबा ओढला.

"हिरव्या नको," काकू म्हणाल्या. "निळ्या आहेत का? मला पहिल्यापासून निळ्या आवडायच्या. तेव्हा कोणी घालू दिल्या नाहीत."

आपांनी हात दाबत दाबत एकेक बांगडी चढवली. आम्ही आपापल्या दारातून बघत होतो आणि बघत नसल्याचं दाखवत होतो. शैला कुंकवाचा करंडा घेऊन गेली. काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

त्या एका दिवसाने सगळं पालटलं असं मी म्हणणार नाही. गर्दी दुसऱ्या दिवशी नव्हती. पण त्यातल्या काही बायका पुढच्या आठवड्यात आल्या, झाकणं बदलायला, कुकरच्या शिट्टीला, बारशाच्या वाट्यांवर नाव घालायला. बरोबर बहिणींना, जावांना घेऊन आल्या. मुकादमाने ते बांबू काम संपेपर्यंत काढले नाहीत. मोबाइल कव्हरवाला पुन्हा आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि शेजारचं टोप्या-स्वेटरवाल्याचं रिकामं दुकान दाखवलं. तो तिथे बसला. आता तोही आमच्यातलाच आहे, आणि त्याच्या दुकानातही अंधार नसतो.

रस्ता झाला. चांगला झाला, खोटं कशाला बोला. पण काकूंचे गुडघे तोवर थकले होते, चार जिने चढवेनात. मुलगा न्यायला आला. जायच्या आधीच्या दिवशी त्यांनी प्रत्येक दुकानातून काहीतरी घेतलं. मुलगा म्हणत होता, "आई, पुण्यात सगळं मिळतं." काकू म्हणाल्या, "मिळतं रे. पण तिथे मला अजून कोणी ओळखत नाही." गाडीची डिकी बंद होईना, तेव्हा शेठनी स्वतः येऊन दाबून लावली, आणि आत निघून गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मागच्या महिन्यात लग्नासाठी पुण्याला गेलो होतो. वेळ काढून काकूंच्या सोसायटीत गेलो. वर कुलूप. वॉचमन म्हणाला, "आजी का? घरी नसतात या वेळेला. मागच्या गेटनं जा, दुकानं आहेत तिथे बघा."

मागच्या गेटसमोर पत्र्याच्या शेडमध्ये एक पिठाची गिरणी होती. बाहेर एक तरुण जोडपं डबा घेऊन अवघडून उभं होतं. काकू आत प्लास्टिकच्या खुर्चीवर, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून गिरणीवाल्याला काहीतरी समजावत होत्या. तो मान डोलावत होता, सुटकेची आशा सोडलेल्या माणसासारखा. काकूंच्या केसांवर, भुवयांवर, चष्म्यावर पिठाचा पांढरा थर बसला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

मी हाक मारली नाही. त्या जोडप्याच्या मागे, रांगेत उभा राहिलो.