रूथबाईंची दुरुस्ती

रूथबाई साळवे पत्र लिहीत नसत, बोलत. दर तीन महिन्यांनी त्यांचे आठ-दहा व्हॉइस मेसेज माझ्या फोनवर येत आणि त्यांतून मी एक पत्र टाइप करायचे. ते पत्र भाईंदरच्या त्यांच्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, असायचं. मंडळीनेच साळवे कुटुंबाला झांबियातल्या एका मिशनच्या शाळेत संगीत शिकवायला पाठवलं होतं. सगळे मेसेज एका बैठकीत कधीच झालेले नसत. एकात मागे मुलं सूर घोकत असायची, दुसऱ्यात ट्रम्पेट वाजत असायचा, तिसऱ्यात कुकर. मधेच "थांब हं, बेल झाली" असं म्हणून त्या निघून जात. पुढचा मेसेज दुसऱ्या दिवशी, अर्धवट सोडलेल्या वाक्यापासून सुरू होई.

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका इमारतीत आम्ही शेजारी होतो. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. त्यांचे वडील नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनं करत. पेटी, तबला आणि भजन यांत त्या वाढल्या. आमचं घर रत्नागिरीकडचं, देव्हाऱ्यासमोर आरत्या म्हणणारं. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते आणि त्यांना तेवढंच पुरेसं होतं. "तुझ्या हाताला कात्री आहे, मला ती हवीय," निघण्याआधी त्या म्हणाल्या होत्या. "मी बोलायला लागले की थांबत नाही. आणि दोन पानांच्या वर गेलं की आढावकाका वाचत नाहीत." आढावकाका म्हणजे मंडळीच्या कमिटीचे अध्यक्ष, रेल्वेतून निवृत्त झालेले. मला रूथबाई 'संपादकीणबाई' म्हणत, थोडं कामापुरतं, थोडं चिडवायला.

शाळेत तिघांनाही काम होतं. रूथबाईंकडे गायनवृंद आणि कीबोर्डचे वर्ग. त्यांचे यजमान विल्सनसर यांच्याकडे शाळेचा बँड आणि मोडलेली सगळी वाद्यं. मुलगी शेरॉन तिथं गेली तेव्हा बारा वर्षांची होती. दुसऱ्या महिन्यात तिच्याकडे लहान मुलांचा बासरीचा तास आला, कारण दुसरं कोणी मोकळं नव्हतं. वीज दिवसातून काही तास जायची, म्हणून कीबोर्डचे वर्ग वीज असेल तेव्हा आणि गाणं नसेल तेव्हा, असं वेळापत्रक होतं. ते रोज बदलायचं. एका मेसेजमध्ये विल्सनसरांचा आवाज ऐकू येतो, "रूथ, जेवलीस का?" त्यावर उत्तर, "काल जेवले ना!"

कामाच्या बाबतीत त्यांचं एक वाक्य मी अनेकदा ऐकलं, पण ते पहिल्यांदा ऐकलं भाईंदरच्या केबिन रोडवर, वाद्यांच्या एका दुकानात. झांबियाला जायच्या आधी त्यांना लहान मुलांसाठी छत्तीस प्लास्टिकच्या बासऱ्या हव्या होत्या. दुकानदाराने खोकं पुढे केलं. रूथबाईंनी एकेक बासरी काढून पुसली, वाजवली आणि दोन ढीग केले. विसाव्या बासरीला दुकानासमोर गर्दी जमली. दुकानदार वैतागला. "मॅडम, बच्चों के लिए ही है ना? चलेगा."

"बच्चों के लिए है, इसलिए नहीं चलेगा," रूथबाई म्हणाल्या आणि एकविसावी उचलली.

कान इतका पक्का असलेल्या या बाईंची सगळ्यांत मोठी चूक कानाचीच होती.

पहिल्या सत्रात त्यांनी सकाळच्या प्रार्थनेसाठी एक गीत बसवायला घेतलं. भजनात पन्नास माणसं असली तरी सूर एकच, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. इथे चाळीस मुलं उभी राहिली, आणि दुसऱ्या ओळीला काही वर गेली, काही खाली. रूथबाईंनी थांबवलं, पुन्हा गाऊन दाखवलं. मुलं पुन्हा फुटली. त्यांनी आठवडाभर एकेकाचा आवाज तपासला, सूर धरणारी मुलं पुढे घेतली, बाकीची मागे. मागच्या रांगेत मुताले नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. आवाज जाड आणि मोकळा, पण प्रत्येक वेळी ठरलेल्या चालीच्या खालून जाणारा. एका सकाळी सगळ्या शाळेसमोर प्रार्थनेत ती तशीच गायली तेव्हा रूथबाईंनी गाणं थांबवलं आणि तिला सांगितलं, "तू गाऊ नकोस. फक्त ओठ हलव."

मुतालेने ओठही हलवले नाहीत.

दीड महिन्याने जवळच्या गावातल्या एका अंत्यविधीला साळवे कुटुंब गेलं. पेटी नाही, पुस्तक नाही, हात हलवणारं कोणी नाही. एका बाईने ओळ उचलली आणि सगळं गाव तिच्यात शिरलं. कोणी वर, कोणी खाली, चार वेगवेगळ्या ओळी एकमेकींना धरून चाललेल्या. पुढचं मी त्यांच्या मेसेजमधून जसंच्या तसं देते: "चार ओळी कागदावर असतात हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं गं. त्या मास्तराने लिहून वाटायच्या असतात, असं मी समजत होते. इथे कोणी वाटल्याच नव्हत्या. आणि माझ्या समोर एक म्हातारी खालची ओळ गात होती. मी ऐकलं आणि ओळखलं. मुताले तीच ओळ गायची. ती त्या म्हातारीची नात. आजीच्या शेजारीच उभी होती, तोंड मिटून. मी पोरीला बेसूर म्हटलं. तिच्या घरातला सूर होता तो."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, त्याच जागी उभं राहून, सगळ्या शाळेसमोर रूथबाईंनी मुतालेची माफी मागितली. मुतालेने मान हलवली, पण ती गायनवृंदात परत आली नाही. घरीही गाणं बंद, असं आजीने सांगितलं. रूथबाईंनी मग फिरीसर नावाच्या तिथल्याच एका शिक्षकांना विनंती केली आणि गायनवृंद त्यांच्याकडे सोपवला. स्वतः त्या खालची ओळ गाणाऱ्या मुलींच्या रांगेत उभ्या राहिल्या, शिकायला. मुताले मात्र आली नाही.

हे सगळं त्यांनी तीन मेसेजमध्ये सांगितलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं, "हे असंच्या असं घाल."

मी घातलं नाही. साळवे कुटुंबाची पहिली, वर्षभराची मुदत संपत आली होती आणि पुढची तीन वर्षं द्यायची की नाही, हे कमिटी ठरवणार होती. विल्सनसरांनीही मला वेगळा मेसेज केला होता, "ताई, जरा सांभाळून घ्या." शिवाय दोन पानांची मर्यादा होती. मी एका वाक्यात उरकलं: 'सुरुवातीला आवाज जुळवण्यात वेळ गेला, पण आता गायनवृंद उत्तम तयार होतोय.' वाक्य खोटं नव्हतं. आमच्या धंद्यात अशी वाक्यं रोज होतात.

सुट्टीवर आल्यावर रूथबाईंना ते पत्र चर्चच्या फलकावर लावलेलं दिसलं. त्या थेट तिसऱ्या मजल्यावर आल्या. बसल्या नाहीत.

"संपादकीणबाई, तुमच्या पेपरात चूक झाली तर काय करता?"

"दुरुस्ती छापतो."

"कुठे?"

"आतल्या पानावर. खाली."

"आणि चूक कुठे झालेली असते?"

"कुठल्याही पानावर."

"पहिल्या पानावर असली तरी?"

"तरी."

"मग ती दुरुस्ती कोणासाठी? ज्याचं नुकसान झालं तो आतलं पान शोधत बसणार?" त्या रागावलेल्या नव्हत्या, हे जास्त अवघड होतं. "जिथं चुकलं, तिथंच दुरुस्त करायचं, एवढंच मला जमलंय आतापर्यंत. तू तेवढंच कापलंस."

"बाई, मुदत गेली असती."

"गेली तर गेली. मुदत मिळावी म्हणून त्या पोरीला दुसऱ्यांदा गप्प करायचं का?"

कमिटीची बैठक रविवारी उपासनेनंतर चर्चच्या सभागृहात होती. पत्र मी टाइप केलं म्हणून मलाही बोलावलं होतं. रूथबाईंनी फलकावरचं पत्र काढून आणलं, माझं वाक्य वाचलं, "हे अपुरं आहे" असं म्हणाल्या आणि सगळी हकिकत उभ्याने सांगितली. विल्सनसर जमिनीकडे बघत होते.

आढावकाकांनी चष्मा काढला. "म्हणजे बाई, आम्ही तुम्हाला शिकवायला पाठवलं आणि तुम्ही तिथं जाऊन शिकायला लागलात?"

"हो काका. आणि अजून शिकून झालेलं नाही."

"मग गाणं ते फिरीसर शिकवतात, तर तुमचं तिथं काम काय?"

"कीबोर्ड आहे, स्वरलिपीचं वाचन आहे, बँड आहे, कामाला तोटा नाही. पण मुताले गात नाही तोवर मला तिथून निघता येत नाही."

"एका पोरीसाठी तीन वर्षं?" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

रूथबाईंनी त्यावर वाद घातला नाही. पेटी उघडली आणि सगळ्यांना पाठ असलेल्या एका भजनाची पहिली ओळ म्हणायला सांगितली. कमिटी गायली. "आता तुम्ही हेच म्हणा, मी खालून जाते. तुमची ओळ सोडायची नाही." दुसऱ्या शब्दालाच आढावकाका रूथबाईंच्या ओळीवर येऊन बसले.

"बाई, तुम्ही मला ओढताय!"

"मी माझ्या जागेवर आहे काका. घसरताय तुम्ही."

"अहो, चाळीस वर्षं भजन म्हणतोय मी!"

"म्हणूनच घसरताय. पुन्हा घ्या."

सभागृह हसलं. तिसऱ्या वेळी काकांनी डोळे मिटले, उजव्या हाताने कान झाकला आणि ओळ शेवटपर्यंत धरली. दोन्ही ओळी एकत्र थांबल्या. मला संगीत कळत नाही. पण त्या भजनाला अजून एक तळ आहे, हे मलासुद्धा ऐकू आलं.

"हे ती पोर चालायला लागल्यापासून करते," रूथबाई म्हणाल्या. "आणि मी तिला म्हटलं, ओठ हलव."

आढावकाकांनी कान सोडला, चष्मा लावला. "तीन वर्षं जा," ते म्हणाले. "पण पत्र यापुढे पुरं पाठवायचं. तीन पानं झाली तरी चालतील. तुमचं काय चुकतंय ते आम्हाला कळू द्या, नाहीतर आम्ही प्रार्थना कशासाठी करायची?" मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही, ताई, कात्री पेपरात वापरा."

त्या वर्षी आमच्या दैनिकात एका बातमीत एका माणसाचं नाव आरोपी म्हणून चुकून गेलं. पहिल्या पानावर, माझ्या हातून. दुरुस्ती पहिल्या पानावरच यावी म्हणून मी वृत्तसंपादकांशी पाऊण तास भांडले. ती तिथेच आली, दोन ओळींत. नंतरही प्रत्येक वेळी भांडले आणि काही वेळा हरले.

साळवे कुटुंब परत गेलं. पुढच्या दोन पत्रांत बँडची बक्षिसं होती, शेरॉनचे बासरीवाले पहिल्यांदा एकत्र वाजवून एकत्र थांबल्याची बातमी होती, आणि दोन्हींच्या शेवटी एकच ओळ: 'मुताले आली नाही.' मी ती टाइप केली. दोन्ही वेळा फलकासमोर आढावकाकांनी मला विचारलं, "काही नवीन?" आणि मान हलवून ते पुढे गेले.

तिसऱ्या खेपेला मेसेज एकच आला. मागे कुकर नव्हता, ट्रम्पेट नव्हता. विल्सनसर मात्र मागून हसत होते.

"लिहून घे. मी खालच्या रांगेत उभी होते आणि नेहमीसारखी घसरले. फिरीसर बिचारे मला काही बोलत नाहीत, मोठी बाई म्हणून. खिडकीत मुताले उभी होती, रोज असते, ऐकते आणि जाते. आज ती आत आली. सरळ माझ्याजवळ आली आणि म्हणाली, 'मॅडम, नॉट देअर. डाउन.' आणि माझ्या कानात गायली, तीच ओळ. मी धरली. मग ती गेलीच नाही. आता मी तिच्या शेजारी उभी राहते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही ती. पण मी घसरले की कोपराने ढोसते, आणि गं, फार जोरात ढोसते."