महाडच्या दवाखान्यातलं ग्रीक

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. महाडच्या एका खासगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. रोगी औषध घेऊन घरी जायचे, त्यांचे किस्से मात्र आमच्याकडेच राहायचे. त्यात आमच्या डॉक्टरांना ग्रीकचा नाद! गळू कापायचं ते उद्यावर ढकलायचे, पण रोगाचं लांबलचक नाव दिसलं, की लगेच चिरफाड!

*

पहिल्याच आठवड्यात मी रजिस्टरात न्यूमोनिया लिहिलं, ते इंग्रजी ‘एन’पासून. डॉक्टर कडाडले, "आधीचा पी कुठाय?"

"बोलताना येत नाही ना, साहेब."

"बोलायचा नाही, पण लिहायचा. पहिला!"

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या वाचनालय कमिटीच्या अध्यक्षांसारखा!"

डॉक्टरांनी टाक ओढून घेतला आणि पी स्वतःच लिहिला. त्या साली अध्यक्ष तेच होते!

*

पोलादपूरकडचा एक म्हातारा डोकं धरून आला. "डाक्तर, डोकां लय दुखतंय."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि टेबलावर ताल धरला, "से-फॅ-लॅल-जिया!"

म्हातारा हादरला. "म्हंजे काय वो?"

"सेफॅले म्हणजे डोकं. अल्जिया म्हणजे दुखणं."

म्हातारा माझ्याकडे वळला. "आरं, ता तर मीच यांना सांगितलां!"

*

बिरवाडीचा एक गिरणीकामगार रजेवर गावी आला आणि हगवणीनं आडवा झाला. सर्टिफिकेट मागताना म्हणाला, "डाक्तर, हगवण नका लिवू. खात्यात हसतील. जरा वजनदार नाव द्या."

डॉक्टरांची कळी खुलली. गॅस्टर म्हणजे पोट, एंटेरॉन म्हणजे आतडं, आयटिस म्हणजे दाह. झालं गॅस्ट्रोएंटेरायटिस! कागदाची एक ओळ त्यातच गेली.

पुढच्या खेपेला गडी पेढे घेऊन हजर. आठ दिवस मागितले होते, पंधरा मिळाले!

"गिरणीचा साहेब कागद वाचता वाचता घाबरला," तो म्हणाला. "म्हनला, जा, आनि हात लावू नको कशाला!"

*

तुडीलच्या सगुणाबाई नवऱ्याला घेऊन आल्या. धोंडूला शेजारचं कुत्रं चावलं होतं. डॉक्टरांनी जखम कार्बोलिकनं जाळली, आणि त्यांना राहवलं नाही.

"कुत्रं पिसाळलेलं असलं तर हायड्रोफोबिया! हायड्रो म्हणजे पाणी, फोबिया म्हणजे भीती."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मरतो का वो मानूस त्यानं?"

आता डॉक्टरांनी ग्रीक आवरलं. "दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. आजारी पडलं, मेलं, तर तसेच इथे या. पोटात चौदा सुया टोचाव्या लागतील."

दहा दिवस बाई शेजारच्या अंगणात कुत्र्यासमोर बसून होत्या. आपल्या हातानं त्याला भाकरी चारत होत्या. अकराव्या दिवशी धोंडूला घेऊन आल्या. डॉक्टर धडपडत उठले. "कुत्रं?"

"धडधाकट हाय!"

डॉक्टरांनी घाम पुसला. "सुटलात, बाई. आता सुया नकोत."

सगुणाबाई पुढे सरकल्या, आवाज खाली आणला.

"तरी टोचाच, डाक्तर. यांचं पान्याचं भ्या जाईल, आंघोळीला तरी बसतील!"