सखूकाकूंचा ब्रेस उंबऱ्याबाहेर का राहिला

आधी एक दुरुस्ती. गेल्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं की, ताम्हिणीच्या सखूकाकू आमच्या उरवड्याच्या कृत्रिम अवयवांच्या युनिटमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला पायाचा ब्रेस, म्हणजे पंजा उचलून धरणारा आधार, दिवसभर घालतात. ते चूक होतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं, गृहीत धरलं होतं.

अर्धांगवायूनंतर काकूंच्या उजव्या पायाचा पंजा उचलला जात नाही. पाय मीच स्कॅन केला, ब्रेस मीच डिझाइन केला, मापात बसलाही. आज सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला, काकू स्वयंपाकघरात पडल्या. दुपारी त्यांच्या घरी गेले. मनगट सुजलेलं होतं आणि ब्रेस बुटासकट उंबऱ्याबाहेर.

"काकू, घरात का नाही घालत?"

"पायताण घालून घरात हिंडू व्हय? देव हायेत आत."

"अहो, ते पायताण नाही."

"मग बुटात कशाला बसवून दिलंस? मला काय हौस हाय पडायची?"

सून हसली. मला हसू आलं नाही.

मला हे काम बाबांनी घरीच शिकवलं. ते अधू पायांसाठी लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर हातानं बनवायचे आणि माप घेण्याआधी माणसाचं घर बघून यायचे. स्कॅनर आल्यावर मला ते फुकटची पायपीट वाटायला लागलं. आज फार थकले आहे.

आता दुसरा ब्रेस करतेय. बुटाशिवाय घालायचा, तळाला रबर लावलेला, घराबाहेर कधीच न जाणारा. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात तो चालेल का? खरं सांगा. शुक्रवारी सकाळी मी तो उंबऱ्याच्या आत बसून काकूंच्या पायात घालणार आहे.