बंद यंत्र तिला बघवत नाही

माझी धाकटी जाऊ एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. पाहुणी म्हणून आली, तरी चहा होईपर्यंत हिने माझ्या मिक्सरचं बूड उघडलेलं असतं. म्हणे आवाज बरोबर नव्हता. आवाज मलाही येत होता. पण मिक्सर म्हटला की आवाज असायचाच, असं मानून मी आजवर जगले. माझ्या दिराने चेष्टेत तिचं नाव पाना पाडलं. ते त्याच्याच अंगलट आलं, कारण आता सगळे त्याला नट म्हणतात.

ही पाना सरकारी तंत्रशाळेत लेथ शिकवते. लेथ म्हणजे लोखंडी दांडा गरगर फिरवून तासायचं यंत्र. शाळेतला लेथ आमच्या सासूबाईंच्या वयाचा आणि तितकाच हट्टी. त्यावर तासलेला दांडा एका टोकाला जाड निघतो, दुसऱ्या टोकाला बारीक. बाहेर कारखान्यांत आकडे भरले की आपोआप तासणारी यंत्रं आली, आणि हिच्या वर्गातली मुलं फाटकावरूनच परत येऊ लागली. नवं यंत्र आलं नाही तर वर्ग बंद करू, असं वरून सांगून झालं होतं.

नव्या यंत्राला सरकार अनुदान देतं, पण आधी जुनं निकामी ठरायला हवं. निकामी म्हणजे बंद. वाकडं तासतं, हे त्यात बसत नाही. असले नियम करणाऱ्यांनी जन्मात कधी कात्रीलाही धार लावून घेतलेली नसते.

आणि एक दिवस लेथ आपणहून बंद पडला. प्राचार्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं. त्यांनी पानापुढे हात जोडले, समिती येईपर्यंत त्याला हात लावू नका म्हणून. ते दिवस तिने कसे काढले ते आम्ही भोगलंय. दोन्ही घरांत करकरणारं एक बिजागर शिल्लक राहिलं नाही. नट तर बिचारा खुर्चीवरून उठायला घाबरायचा. परत येईस्तोवर खुर्चीचे चार पाय वेगळे झालेले असायचे.

समिती आली. समितीच्या साहेबांनी बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. सहीसाठी पेन निघालं. तेवढ्यात साहेब सहज म्हणाले, बाई, तुमच्याच्यानेही होत नाही म्हणजे हे गेलंच. मागे हिचा अख्खा वर्ग उभा होता. बंद यंत्रापुढे हात बांधून उभं राहायचं नाही, असं ती त्यांना रोज बजावायची. हिने मेन स्विच पाडला, स्टार्टरचं झाकण काढलं, आतली जळून काळी पडलेली टोकं पॉलिश पेपरने घासली, आणि लेथ घरघरत सुरू झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. प्राचार्यांनी भिंत धरली.

अनुदान दुसऱ्या शाळेला गेलं.

मी तिला फाडफाड बोलले. एक दिवस हात खिशात ठेवले असतेस तर झडले असते का? ती एवढंच म्हणाली, "मुलं बघत होती, ताई." आणि गप्प बसली. गप्प माणूस मला सोसत नाही, त्यातून ही तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी तिला ओढत साहेबांच्या कार्यालयात नेलं. बाहेर बाकावर बसलो तर डोक्यावरचा पंखा डुगडुगत होता. आत बोलावेपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही.

साहेबांनी ओळखलं, कौतुकही केलं. यंत्र चालतंय ना, मग अडलं कुठे, असं त्यांनी विचारलं.

तिने पिशवीतून सकाळीच तासलेला दांडा काढला आणि टेबलावर घरंगळत सोडला. सरळ जायचा तो वळसा घेऊन फोनला धडकला.

"चालतंय, साहेब. आणि हे शिकवतंय. हे शिकलेल्याला कोण कामावर घेईल?"

साहेबांनी दांडा उचलून फोनपासून लांब ठेवला. मग म्हणाले, नियम माझ्या हातात नाही, फार तर समिती पुन्हा पाठवतो.

"पाठवा," ती म्हणाली, "पण मी रजेवर असेन तेव्हा."

साहेब हसले नाहीत. मला मात्र हसू आवरेना.

तारीख अजून कळलेली नाही. तोवर लेथ पुन्हा दोनदा बंद पडला, आणि दोन्ही वेळा समोर मुलं होती.