शिडीच्या दांड्याचं धनुष्य आणि पैठणची एक दुपार

"हे शेवटचं. हे मोडलं तर गच्ची रिकामी करायची," असं आमचे साहेब म्हणाले आणि मी, भाजी फोडणीला टाकता टाकता, "बरं" म्हणून गेले. मुकुंदवाडीतल्या आमच्या घराची गच्ची म्हणजे माझा कारखाना. तिथं मी बांबूची धनुष्यं करते. नोकरी विमा कचेरीत, वय पंचेचाळीस, आणि छंद हा! आजवर दोन मोडली. दोन्ही वेळा खाली ओट्यावर बसलेल्या शेजारणींना कडाड् ऐकू गेलं आणि दोन्ही वेळा साहेबांना टोमणे ऐकावे लागले. त्यांना तिथं टोमॅटोच्या कुंड्या लावायच्या आहेत. लावा ना, कोण नको म्हणतंय? पण माझ्या बांबूंच्या जागीच का?

तर तिसरं धनुष्य चादरीत गुंडाळलं आणि पैठणला निघाले. तिथं धरणाजवळच्या एका शेतावर दर हिवाळ्यात आमच्यासारखे हौशी लोक जमतात. नियम एकच, स्वतः केलेल्या धनुष्यानंच बाण मारायचा. मी पहिल्यांदाच चालले होते. तिथं हे धनुष्य टिकलं की घरी येऊन साहेबांपुढं ठेवायचं, एवढा साधा बेत होता.

सोबत रिजवाना आपा. हर्सूलला राहतात, शिवणकामाचे क्लास घेतात आणि बाण इतके देखणे करतात की मारायला जीव होत नाही. एका बाणाची तिन्ही पिसं पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची हवीत, नाहीतर बाण हवेत भरकटतो, हे मला त्यांनीच शिकवलं. टर्की पाळणाऱ्या एकाच्या दारात त्या पिसांसाठी हक्कानं जाऊन बसतात.

जाणाऱ्यांसाठी सांगते. आमच्या शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठणची एसटी सतत असते आणि बायकांना अर्धं तिकीट. सकाळची गाडी घ्या, कारण चितेगाव, बिडकीनपर्यंत कंपन्यांची वाहतूक फार आणि रस्त्याचं काम कुठं ना कुठं चालू असतंच. आम्हाला दीड तासाच्या वर वेळ लागला. कंडक्टरनं चादरीतल्या लांबड्या गाठोड्याकडं बघून विचारलं, "ताई, पडद्याचे दांडे का?"

"धनुष्य आहे," मी म्हटलं.

"नाटकातलं?"

"नाय हो भाऊ, असली है," आपा म्हणाल्या. "बाण भी है. दाखवू क्या?"

त्यानं तिकीट फाडलं आणि निमूट पुढं सरकला. ढोरकीन मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस आणि ज्वारी दिसायला लागली, तेव्हा कुठं शहर सुटल्यासारखं वाटलं. पैठणच्या स्टँडबाहेर चहा झकास मिळतो, पण साखर कमी सांगायला विसरू नका. तिथून धरणाच्या दिशेनं शेअर रिक्षानं शेतावर पोचलो.

शेत दत्ताभाऊंचं. स्वतः शेतकरी, हौसेनं धनुष्यं करतात, दरवर्षी सगळ्यांना बोलावतात. गेल्या गेल्या हुरडा आला, गरम, राखेच्या वासाचा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आठ-दहा पुरुष मंडळी आणि आम्ही दोघी. बांधापलीकडं जायकवाडीचं पाणी चमकत होतं. कडब्याच्या पेंढ्या रचून नेम धरायला निशाण केलं होतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इथं कुणी "हे कशाला?" असं विचारणारं नव्हतं.

असं मला वाटलं.

त्या मेळाव्याची एक रीत आहे. बाण मारण्याआधी प्रत्येक धनुष्य विजय सर तपासतात. निवृत्त खेळशिक्षक, सहा फुटांच्या वर उंची, मिशी कडक. ते धनुष्य हातात घेतात, ओढून बघतात, मान हलवतात. त्यांनी मान हलवली की ते पास. माझं धनुष्य त्यांनी वरखाली फिरवलं आणि विचारलं, "चांगलं आहे. कुणी करून दिलं?"

"मीच केलं."

"म्हणजे मिस्टरांनी मदत केली असेल."

"मिस्टर टोमॅटोचं बघतात," मी म्हटलं. आपा फिस्सकन हसल्या. सरांना काही कळलं नाही.

आता एक गोष्ट समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. धनुष्य ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाचं असतं. माझा हात लहान, मी दोरी हनुवटीपर्यंत आणते. तेवढंच वाकेल अशा बेतानं मी आतली बाजू तासून पातळ केली होती. कुठवर ओढायचं त्याची खूण म्हणून एका बाणावर लाल दोराही बांधला होता. मी तो बाण सरांच्या हातात दिला. "सर, ह्या दोऱ्यापर्यंतच. पुढं नाही."

"मॅडम, मी शेकडो ओढलीत," सर म्हणाले. आणि दोरी सरळ कानामागं नेली.

कडाड्.

तो आवाज मी दोनदा ऐकला होता, पण दोन्ही वेळा चूक माझी होती. ह्या वेळी नव्हती. एक तुकडा सरांच्या हातात, एक दोरीला लोंबकळतोय. सरांनी तुकडा उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "बांबूत दोष होता. बायकांना घाई असते, वाळू देत नाहीत."

मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याआधी राग पोचला. "सर, बांबू दोन उन्हाळे वाळवलाय. दोष त्याच्यात नाही, तुमच्या हाताच्या लांबीत आहे. आणि दोरा लाल होता, दिसत होता."

शेजारचे एक काका चांगल्या मनानं म्हणाले, "जाऊ द्या ताई, माझं घ्या. कोण बघायलंय?"

"मी बघतेय," मी म्हटलं. "नियम नियम आहे. स्वतः केलेलंच."

पण करणार कशाचं? ओला बांबू चालत नाही, ओढला की वाकडाच राहतो. मी गोठ्याच्या सावलीला जाऊन बसले. गच्ची डोळ्यांपुढं आली, तिच्यावर टोमॅटो. आणि समोर गोठ्याला टेकवलेली एक जुनी शिडी दिसली. बांबूची, दोन पायऱ्या गळालेल्या. पायऱ्या तारेनं बांधलेल्या होत्या, म्हणजे दांड्यांना भोकं नव्हती. मी नखानं टकटक केलं. खणखणीत कोरडा आवाज.

"दत्ताभाऊ, ही शिडी किती जुनी?"

"लई जुनी. तीन-चार वर्सं झाली, हितंच उभी हाय. का वो?"

"एक दांडा मला द्या."

ते हसले. "दोन्ही घ्या की ताई. तशीबी ती चढायच्या कामाची नाय राह्यली. कोयता देऊ का?"

मग मी शेताच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी बसले. आडोसा घेतला असता तर पुन्हा कुणीतरी विचारलं असतं, कुणी करून दिलं म्हणून. दांडा माझ्या उंचीएवढा कापला. कोयत्यानं उभा चिरला. चांगली पट्टी निवडली. बाहेरच्या सालीला हात लावायचा नाही, सगळा ताण तीच सोसते. आतून तासायचं, पेरांवर जपून. आपांनी पिशवीतून माझी कानस काढून दिली आणि शेजारी बसून माझ्या तुटलेल्या धनुष्याची दोरी सोडवली. दोरी शाबूत होती.

"मेरेकू वाटलं, तू घरकू चल बोलतीस," त्या हळूच म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं होतं."

थोडं तासायचं, लिंबाच्या फांदीला अडकवून थोडं ओढायचं, दोन्ही टोकं सारखी वाकतात का बघायचं, परत तासायचं. भाकरी-पिठलं आलं, ते मी डाव्या हातानं खाल्लं. बाकीच्यांचे बाण सुटत होते, मी मान वर केली नाही. उन्हं उतरली तेव्हा धनुष्य उभं राहिलं. ओबडधोबड, शिडीच्या तारेचे वळ अंगावर असलेलं.

विजय सर आले. हात पुढं केला. "बघू?"

"नाही सर. हे माझ्या मापाचं आहे. मीच ओढणार."

सरांचा हात तसाच राहिला, मग त्यांनी तो मागं घेतला. मी लाल दोऱ्याचा बाण लावला. हनुवटीपर्यंत ओढला. पहिला बाण निशाणाच्या अलीकडं मातीत गेला. दुसरा कडब्याच्या पेंढीत, अगदी कडेला, पण घुसला.

"देख्या क्या सर?" आपा ओरडल्या. "बसला ना बराबर!"

दत्ताभाऊंनी शिट्टी मारली. सरांनी मान हलवली. खरं सांगते, त्या मान हलवण्याची मला आता काही गरज नव्हती.

परतीच्या एसटीत माझ्याकडं दोन तुकडे, एक नवं धनुष्य आणि शिडीचा दुसरा, बारा फुटी दांडा. तो गाडीच्या मधल्या वाटेत आडवा पडला. लोक ओलांडून चढत-उतरत होते. "बाई, हे काय घर बांधायलाव का?" एका आजींनी विचारलं. कंडक्टरनं त्याचं सामानाचं तिकीट लावलं, तेही मी आनंदानं घेतलं.

तुम्ही गेलात तर टोपी, कानस आणि जास्तीची दोरी न्या. आणि आपलं धनुष्य तपासायला म्हणून कुणाच्या हातात देऊ नका.

बिडकीनच्या दिव्यांपर्यंत मी एकच विचार करत होते. मोडलं तर सोडायचं, ही अट मी मान्यच कशी केली? धनुष्य मोडतंच. माझं मोडेल, सरांचं मोडेल. स्वयंपाक करपला म्हणून कुणी मला चूल सोडायला सांगितलं नाही कधी.

साहेब फाटकातच उभे होते. त्यांनी तुकडे बघितले. "मोडलं ना? मग ठरल्याप्रमाणं..."

"मोडलं. आणि मी सोडत नाहीये. ती अट मला मान्य नाही. कुंड्या पाण्याच्या टाकीकडं लावा, तिथं ऊनही चांगलं येतं."

ते दांड्याकडं बघत म्हणाले, "हा जिन्यातून वळणार नाही."

"माहितीये."

मी वर गेले, गच्चीवरून दोर खाली सोडला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "अहो, बांधा."

शेजारणी ओट्यावर होत्या. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, वर माझ्याकडं पाहिलं. मग वाकून दांड्याला गाठ मारली, ओढून पक्की आहे का तेही बघितलं. आणि मी तो वर ओढून घेतला.