व्हरांड्यातला राव सरांचा इंग्रजीचा क्लास

सगळ्यात आधी दारात कोण, तर जयलक्ष्मी! राव सरांशी कडाकडा भांडून मुलीला क्लासमधून काढून नेलेली, तीच.

आणि मी केसांना तेल चोपडून बसलेली. घरात गोडाचा पत्ता नाही.

चूक तशी कोणाचीच नाही हो. सर जाऊन वर्ष झालं, ते मी आपलं तिथीने धरलं. मागच्या आठवड्यातच त्यांच्या आवडीची खीर केली, फोटोपुढे वाटी ठेवली, झालं.

त्यांचे विद्यार्थी आले तारखेने. म्हणजे आज.

"पाट्टी, आजच ना?" जयलक्ष्मी म्हणाली. पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. इथे अख्खी बिल्डिंग मला पाट्टी म्हणते.

मी म्हटलं, "आजच गं बाई. ये, बस." दुसरं काय म्हणणार? एका माणसाची आठवण दोनदा काढली तर बिघडलं कुठे?

(मुक्ता, माझी नात, हे टाइप करतेय. मला इथे लिहायला खातं तिनेच उघडून दिलंय. मधेच म्हणते, आजी, हे नको लिहूया. लिही गं तू.)

तर राव सर. आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे, एकटे. बँकेतून रिटायर झालेले. मूळचे तंजावरचे मराठी, बोलण्याला तमिळचा हेल. मी पोहे पुढे केले की म्हणायचे, "मज कॉफी पुरे, अक्का."

अड्यारमध्ये आमच्या व्हरांड्याला वारा बरा येतो, म्हणून रविवारचा क्लास आमच्याकडे. बँकेच्या परीक्षेचं इंग्रजी. फी नाही, फक्त कॉफी. ती माझी.

आमची मुक्ता दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा इंग्रजीत. त्यात ते तुलनेचे प्रश्न आले की हिचं ठरलेलं, चारातलं चुकीचं उत्तर बरोबर शोधून काढायची.

सरांनी तिला व्याकरणाचं पुस्तक मिटायला लावलं आणि माझ्या भाजीच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "अक्का, वांगी कशी आणलीत?"

मी म्हटलं, "जॉर्ज टाउनची वांगी अड्यारपेक्षा स्वस्त."

"अड्यार काय भाजी आहे काय हो? वांग्याची तुलना वांग्याशी करा. अड्यारच्या वांग्यांपेक्षा म्हणा."

पोरं खो खो हसली. मी पण.

मग मला चेवच आला. म्हटलं, "आमची मुक्ता घरात सगळ्यांपेक्षा उंच."

"मग ती घरात राहत नाही काय? स्वतःपेक्षा उंच कशी होईल? बाकीच्या सगळ्यांपेक्षा म्हणा, अक्का."

घ्या! मी चौथीपर्यंत शिकलेली, पण सांगते, त्या दिवशी मला इंग्रजी कळलं. भाषा तेवढी येत नव्हती.

जयलक्ष्मीचं भांडण यावरूनच. "वांगी कसली शिकवता? शॉर्टकट द्या." सर म्हणाले, "शॉर्टकट मजपाशी नाही." झालं, ती गेली मुलीला घेऊन मोठ्या कोचिंगला.

मुक्ता पास झाली. बँकेत लागली. सरांनी पेढा अर्धाच खाल्ला, डायबेटिस ना.

आणि मग काही महिन्यांत सर गेले. झोपेतच.

व्हरांडा ओस पडला. वर्षभर रविवारची कॉफी मी आपली एकटी प्यायले. मुक्ताला किती वेळा म्हटलं, तू घे ना क्लास. तर म्हणायची, "दोनदा नापास झालेल्या मुलीकडे कोण शिकायला येणार, आजी?"

मला तेच लागून राहिलं होतं. सरांबरोबर त्यांचा क्लासही जायचा की काय.

हं, तर आज. एकेक करत व्हरांडा भरला. सरांच्या फोटोला हार घातला. बोलून बोलून किती बोलणार? 

तेवढ्यात जयलक्ष्मीने मुलीला, प्रियाला, कोपराने ढोसलं. "विचार की."

प्रिया खाली बघून म्हणाली, "अक्का, कोचिंगमध्ये नियम सगळे पाठ झालेत. पण पेपरात तुलनेचा प्रश्न आला की माझा चुकतोच."

अक्का म्हणजे ताई. कोणाला म्हणाली? मला नाही, मुक्ताला.

मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. मी लगेच उठून स्वयंपाकघरात गेले. मी तिथे असते तर ती बोललीच नसती. पण कान बाहेरच.

मी कॉफीचं भांडं चढवलं. मग मुक्ताचा आवाज आला. "हे वाक्य बघ. युवर मदर्स कॉफी इज स्ट्राँगर दॅन माय ग्रँडमदर. बरोबर?"

प्रिया म्हणाली, "बरोबर."

"म्हणजे एका बाजूला तुझ्या अम्माची कॉफी आणि दुसऱ्या बाजूला अख्खी माझी आजी?"

असा हशा पिकला! मी आतून ओरडले, "अगं, आजी काय कमी स्ट्राँग आहे का?"

प्रिया हसत हसतच म्हणाली, "माय ग्रँडमदर्स. आजीच्या कॉफीपेक्षा."

"आता कसं!"

मी कॉफी घेऊन बाहेर आले, तर मुक्ता भिंतीपाशी उभी आणि बाकीची सगळी खाली बसलेली. कधी उभी राहिली, तिला कळलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या एका मुलाने पुढचा प्रश्न काढला. मग तिसरीने.

कॉफी निवली. निवू दे.

मी मुक्ताला हळूच विचारलं, "येतंय की गं तुला?"

ती म्हणाली, "मी कुठे अडखळायची ते मला माहितीये ना, आजी. ही पण तिथेच अडखळतायत."

(आता टाइप करताना रडतेय वेडी. मी नाही रडत. मी खूश आहे.)

राव सर, नमस्कार. तुमचा व्हरांडा आज झाडून घेतलाय. तुम्ही निवांत असा.

निघताना जयलक्ष्मीने माझा हात धरला. "पाट्टी, रविवारी सकाळी येतो. सगळेच." मुक्ता "बरं" म्हणाली. मी ऐकलंय.