कढई खाली उतरली त्या दुपारी

बस दुरुस्तीच्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथला थोरला मिस्त्री होता. कँटीन वहिनीच्या हातात, आणि कँटीन म्हणजे तिची कढई. सकाळपासून तेल तापायचं आणि गोठवलेल्या मांसाच्या तुकड्यांपासून बटाट्यांपर्यंत हाताला लागेल ते त्यात पडायचं. माणसं बोटं चाटायची आणि वहिनी फुशारायची. आपल्या हाताला चव आहे हे तिला ठाऊकच होतं. तरी कुणी सांगितलं तर ती मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायची, म्हणजे पुन्हा ऐकायला मिळे.

मग नवऱ्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढली, तिच्या आतला जाड थर पेनानं गिरवून दाखवला आणि तळलेलं बंद म्हणून बजावलं. घरी मिस्त्री अगदी गरीब गाय, ताटात पडेल ते निमूट खायचा. दुपारी मात्र दोस्तांबरोबर रांगेत येऊन थाळी पुढे करायचा, आणि चारचौघांत तमाशा नको म्हणून वहिनी वाढायची. घरी पथ्य सांभाळणारी तीच आणि इथे मोडणारीही तीच.

त्यातच मागची मोरी तुंबली. सफाईवाल्यानं गज घालून पांढरा, चिकट लगदा ओढून काढला.

"वहिनी, हे तुमचं जळकं तेल," तो म्हणाला. "राहिलेलं पुढे ओढ्यात जातं. पूर्वी तिथं बेडकांचा नुसता गोंगाट असायचा. आता एक दिसेल तर शपथ."

वहिनीला कागदावरची ती नळी आठवली. मोरीत गज घालता येतो. नवऱ्याच्या छातीत कोण घालणार?

दुसऱ्याच दिवशी कढई खाली उतरली. त्याला एकट्याला वेगळं वाढलं तर दोस्तांसमोर तो खाणार नाही, म्हणून सगळ्यांनाच वेगळं. रस्त्यापलीकडच्या मळ्यातून भाजी आली, वाटाणे आणि डाळ एकत्र शिजली, भट्टीवाल्याकडून भरड पिठाचे पाव आले. वहिनीचा पाय एका जागी ठरेना. झाकण काढायची, चव घ्यायची, स्वतःवरच खूश व्हायची.

जेवणाचा भोंगा वाजला. कुणी आलं नाही.

तिनं खिडकीतून पाहिलं तर सगळे आपले गाड्यांखाली आडवे. आणि फाटकाबाहेर भजीवाला गाडी लावून उभा. नवरा तिकडे वळला की संपलं सगळं. तेवढ्यात तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हातोड्यांच्या दणदणाटात भोंगा कुणाला ऐकू जातो? इतकी वर्षं माणसं जेवायला आली ती तळणाच्या वासावर.

तिनं पळीभर तेलात मूठभर लसूण टाकला, लाल होऊ दिला आणि पळी धूर ओढणाऱ्या पंख्याखाली धरली. वास निघाला तो थेट कारखान्यात. गाड्यांखालून एकेक डोकं बाहेर यायला लागलं. वहिनीला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, पण हातात पळी होती. तेवढी एकच फोडणी सगळ्या पातेल्याला पुरली.

"वहिनी, तळलेलं कुठंय?" रंगारी कुरकुरला.

"आज नाही. आधी खा, मग बोल."

तो खायला बसला आणि बोलायचं विसरला. मग मिस्त्रीची पाळी आली. त्यानं थाळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. तो दोस्तांकडे वळला.

"हे माझ्यामुळे चाललंय," तो म्हणाला. "छातीत ब्लॉकेज निघालंय. तुम्ही हसाल म्हणून सांगितलं नव्हतं."

कुणी हसलं नाही. रंगाऱ्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर टाकली. "मला प्रेशर आहे." वेल्डरनं आपली पट्टी शेजारी ठेवली. "माझी शुगर." मागून तिसरी आली, चौथी आली, आणि मग मात्र हशा पिकला.

वहिनी हसता हसता थांबली. "अरे, मग बोलला का नाहीत कुणी? रोज तळलेलं हादडत होतात."

"तुम्ही एवढ्या हौसेनं करायचा," रंगारी म्हणाला. "तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भीती म्हणावी तर भीती, आनंद म्हणावा तर आनंद, तिचं तिलाच कळेना.

"अगं, वाढ ना," मिस्त्री म्हणाला. "भूक लागलीय."

तिनं त्याची थाळी शिगोशीग भरली, इथे पहिल्यांदाच पथ्य न मोडता.